एकाच झाडाची झोळी

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर माझ्या नवऱ्याबद्दल मला एक गोष्ट कळली. तो तोंडाने खोटं बोलत नाही. खोटं बोलायची वेळ आली की तो काहीतरी बनवून देतो. ओमानमधल्या आमच्या सोहारच्या घरातली स्वयंपाकघरातली फळी, गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी, मुलीच्या डुगडुगत्या टेबलाचा पाय, हे सगळं त्याने नेमकं कधी दुरुस्त केलं होतं ते मी नंतर एकेक आठवून बघितलं. प्रत्येक वेळी आगेमागे काहीतरी होतं, जे मला सांगायचं राहिलं होतं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, आमच्या चिपळूणला अजून तशीच पद्धत आहे. लिहिताना करणार नाही.

आम्ही राहायचो ते घर एका ओमानी म्हाताऱ्याच्या व्हिलाचा मागचा भाग होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे भिंतीने वेढलेली मोकळी जागा. वाळूमिश्रित माती, उन्हाळ्यात पाय ठेववत नसे अशी तापायची. त्या सगळ्या जागेत एकच झाड होतं, कडुलिंबाचं. सोहारमध्ये मराठी घरं थोडी, आणि ज्यांच्या अंगणात कडुलिंब आहे असं आमचं एकच. त्यामुळे पाडव्याला सगळ्या बायका पाल्यासाठी आमच्याकडे यायच्या आणि मी उगाचच पाटलीणबाई असल्यासारखी मिरवून घ्यायचे.

नवरा पोर्टवर रिगिंग फोरमन होता. जहाजातून उतरलेलं अवजड सामान क्रेनने उचलतात, तेव्हा त्याला पट्टे कुठे बांधायचे, साखळी कशी घ्यायची, दोन पट्ट्यांमध्ये कोन किती ठेवायचा, हे ठरवायचं त्याचं काम. माणसं त्याला मानायची. त्याच्या हातून कधी काही खाली पडलं नाही असं तो अभिमानाने सांगायचा, आणि ते खरं होतं.

मी गणिताची शिक्षिका. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं चिपळूणच्या शाळेत शिकवलं, मग मुलगी झाली, मग मस्कत, मग सोहार. खडू सुटला तो सुटलाच. शेजारपाजारच्या दोन-चार पोरांना घरी शिकवायचे, पण ते म्हणजे तहान ताकावर भागवणं. भरलेल्या वर्गासमोर उभं राहून एखादं समीकरण सोडवताना मागच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावरची आठी विरघळताना दिसते, ते मला हवं असायचं. तेलाचे भाव पडले होते ती वर्षं. जिकडेतिकडे कोणाचा पगार कापला, कोणाला घरी पाठवलं, एवढंच कानावर यायचं. आपल्यापर्यंत आलेलं नाही ना, मग झालं, असं मी म्हणायचे.

त्या डिसेंबरात मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. ती संपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी मला थांबवून घेतलं. आठवी-नववीच्या गणिताच्या बाई नोकरी सोडून चालल्या होत्या. मार्चपर्यंत मुख्याध्यापिकाबाई कोणाकडून तरी निभावून नेणार होत्या, पण एप्रिलपासून कायमची जागा होती. "तुम्ही या," त्या म्हणाल्या. "फक्त फेब्रुवारी संपायच्या आत मला नक्की सांगा, नंतर माझ्या हातात राहणार नाही." नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी बायका त्या शाळेत शिकवत होत्या, त्यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते एवढंच की मला कोणीतरी विचारलं होतं.

मी घरी आले ती हवेतच. नवरा जेवत होता. मी पदर खोचायचीही वाट न बघता त्याला सगळं सांगितलं. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. तुकडा मोडून झाला, आमटीत बुडवून झाला, खाऊन झाला.

"बघू ना," तो म्हणाला. "घाई काय आहे? अजून फेब्रुवारी लांब आहे."

"घाई नाही, पण तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

त्याने खिडकीतून मागे बघितलं. बाहेर ती छान थंडी पडायला लागली होती, जिची आम्ही सगळे गल्फवाले आठ महिने वाट बघतो.

"तुला एक झोळी करून देतो मागे," तो म्हणाला. "जाळ्याची, लोळायची. आल्यापासून म्हणतेस ना, बाहेर बसायला काही नाही म्हणून."

मी खूश झाले. आज हे लिहिताना हाताला चटका बसतो, पण झाले. लहान मूल एखाद्या गोष्टीसाठी रडायला लागलं की त्याच्या हातात खुळखुळा देतात, आणि ते खरंच गप्प बसतं. तशी मी गप्प बसले.

पुढच्या शुक्रवारी काम सुरू झालं. झोळी बांधायला दोन झाडं लागतात, आणि आमच्याकडे एक. दुसऱ्या बाजूला भिंत होती, पण ती पोकळ विटांची. तिच्यात हूक मारला असता तर भिंत झोळीत आली असती. मी म्हटलं, खांब पुरू. हातभर खोल खड्डा, त्यात पाइप, वर काँक्रीट, संपला विषय. मला तो खांब हवा होता. भाड्याच्या घरात, परक्या देशात, आपण ओतलेलं काँक्रीट असावं असं काहीतरी मनात होतं. जो माणूस खड्डा खणतो तो राहणार असतो, असा माझा आपला हिशोब.

"अर्बाबची जागा आहे," नवरा म्हणाला. अर्बाब म्हणजे आमचा तो ओमानी घरमालक. "आपण कशाला खणायचं?"

मग त्याने जे केलं ते, खरं सांगायचं तर, बघण्यासारखं होतं. एक लांब जाड पाइप त्याने जमिनीवर आडवा ठेवला, त्याचं एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवून. बुंध्याला लागू नये म्हणून मध्ये जुन्या टायरचा तुकडा. पाइपच्या दुसऱ्या टोकाला उभा पाइप, थोडा बाहेर कललेला, आणि दोन्हींच्या मध्ये तिरका आधार. वर्कशॉपमधून तुकडे कापून आणले होते, जोडायला बोल्ट. झोळीचं एक टोक झाडाला वर, एक टोक त्या खांबाला. एवढंच.

"हे उभं कसं राहणार?" मी विचारलं. "खांब ओढला जाईल ना आत."

"ओढला जाईल," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली होती जी कामाच्या गोष्टीत येते. "पण ओढला गेला की हा खालचा पाइप बुंध्यावर रेटला जाणार. म्हणजे झोळी वरून झाडाला आपल्याकडे ओढते, आणि पाइप खालून झाडाला तिकडे ढकलतो. दोन्ही कामं एकच झाड करतं. दुसरं झाड लागतच नाही."

मी गणिताची. मी लगेच काठीने मातीत आकृती काढली. खांब वर उचलला जायला नको असेल तर झोळीला बऱ्यापैकी पोट हवं, ताणून बांधली तर बाहेरचं टोक उचलणार, हे मी त्याला दाखवलं. त्याने मान हलवली, म्हणाला, "क्रेनलाही तेच. पट्टा जितका सपाट तितका जोर जास्त," आणि तरी पहिल्यांदा झोळी ताणूनच बांधली, कारण ती दिसायला छान दिसत होती. बसायला गेला आणि खांब उठून उभा राहिल्यासारखा वर आला, आणि आमचे फोरमनसाहेब, ज्यांच्या हातून कधी काही पडलं नाही, ते स्वतःच वाळूत बसकण मारून बसले. मी इतकी हसले की मुलगी धावत बाहेर आली. "पप्पा, आर यू ओके? मम्मी, तू हसते कशाला?" मग दोर सैल केला, झोळीला पोट दिलं, आणि ती टिकली.

जाळं आणलं होतं शेजाऱ्यांनी. बाजूच्या व्हिलात राजापूरचं मुसलमान कुटुंब राहायचं. त्यातला नवरा मासळीच्या धंद्यात, आठवड्यातून दोनदा पिकअप घेऊन किनाऱ्यावरच्या बरका गावच्या बाजारात जायचा. तिथल्या कोळ्यांकडून त्याने जुनं, पण धडधाकट जाळं मागून आणलं. ते घट्ट नायलॉन अंगाला रुतायचं, म्हणून मी दोन जुन्या सुती साड्या दुहेरी करून आत शिवल्या. कडेला दोर ओवला. बोटांना आठवडाभर भोकं होती.

त्याच सुमारास अर्बाब एकदा मागून फिरत फिरत आला. सत्तरीचा म्हातारा, पांढराशुभ्र पायघोळ डिशदाशा, कमरेवर हात. त्याची हिंदी आमच्यासारखीच मोडकीतोडकी. त्याने पाइप, बोल्ट, बुंध्यामागचा टायर सगळं बघितलं.

"ये क्यूं ऐसा?" तो म्हणाला. "नीचे डालो, सिमेंट डालो. मेरे को मुश्किल नहीं."

मी संध्याकाळी नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. अर्बाब स्वतः म्हणतो, खणा. आता तरी खड्डा करू.

"अगं, असंच बरं आहे," तो म्हणाला. "उचलून कुठेही नेता येतं. चार बोल्ट काढले की खलास."

कुठेही म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. अंगण तर एकच होतं.

आणि मग दीड-दोन महिने आम्ही खरोखर सुखात होतो. दुपारच्या नमाजाची बांग झाली की मी चहा घेऊन बाहेर जायचे. पानांतून ऊन ठिबकायचं, पोर्टच्या बाजूने येणारा वारा कधी खारट, कधी लोखंडी वासाचा. मी झोळीत पडून आठवीचं गणिताचं पुस्तक वाचायचे, ते मी मुलीच्या मैत्रिणीच्या मोठ्या भावाकडून आणलं होतं. मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवायचे, इथे मुलं अडतील, हे उदाहरण आधी घ्यायचं. नवरा ड्युटीवरून आला की तोही बाजूला खुर्ची टाकून बसायचा. माझ्याकडे बघत राहायचा. त्याचं माझ्यावर प्रेम आहे हे मला तेव्हा जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. ते प्रेम खरंच होतं. म्हणूनच आज राग येतो. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

दर शुक्रवारी आईचा फोन यायचा. बाबा गेल्यापासून ती चिपळूणच्या घरात एकटी होती. "झोळी झाली का गं?" हा तिचा पहिला प्रश्न. झाल्यावर, "बसतेस ना त्यात?" मग, "बस बस, बसून घे." मी शाळेचं सांगितलं की म्हणायची, "जावयांना विचारून काय ते कर." मला वाटायचं, आईला काय, तिला नोकरीचं कौतुक नाही, तिच्या वेळच्या बायका तशाच.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी पुन्हा विषय काढला. मुख्याध्यापिकाबाईंना उत्तर द्यायचं होतं.

"कंपनीत बोलावं लागेल," नवरा म्हणाला. "माझ्या स्पॉन्सरशिपवर आहेस ना. थांब जरा."

"कधी बोलणार?"

"बोलतो."

त्या शुक्रवारी तो झोळीच्या वर सावलीसाठी ताडपत्री बांधत बसला. दोरीच्या गाठी अशा सफाईने मारत होता की बघत राहावं. महिना संपला. मी शाळेत फोन करून अजून आठ दिवस मागून घेतले, बाईंनी नाराजीने दिले. तेही संपले. मग मीही स्वतःला समजावलं. कंपन्यांचे दिवस वाईट चाललेत, साहेबांसमोर जाऊन बायकोच्या नोकरीचं बोलायला त्याला जड जात असेल. पुढच्या वर्षी निघेल दुसरी जागा. आपण कुठे जातोय?

पाडवा आठवड्यावर आला होता. एक दिवस सकाळी शेजारची भाभी आली. राजापूरची ती. आम्ही दोघीही एकमेकींना भाभी म्हणायचो. मी चहा टाकला. ती चहाला थांबली नाही, सरळ बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाभी, मशीन जरा चालू करून दाखवता का?"

मला वाटलं हिला नवी वॉशिंग मशीन घ्यायची आहे, म्हणून माझी बघतेय. मी बटण दाबून दाखवलं. तिने झाकण उघडून आत बघितलं, मग हाताच्या विती टाकून रुंदी मोजली. "आमच्या बाथरूममध्ये बसेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "पाडवा झाल्यावरच नेऊ ना? तुम्हाला जाईपर्यंत कपडे धुवायला लागेल."

जे गल्फमध्ये राहिलेले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. तिथून कोणाचं कुटुंब कायमचं निघालं की जाण्याच्या महिनाभर आधीपासून त्यांच्या वस्तूंचं बुकिंग होतं. फ्रीज कोणाचा, गॅसची शेगडी कोणाची, मिक्सर कोण घेणार, पलंग कोणाकडे. एवढं सामान कोण विमानाने नेणार? घरातली बाई कोपऱ्यात डोळे पुसत असते आणि बाकीच्या तिच्या कपाटाची दारं उघडून बघत असतात. मीही बघितली आहेत. आमचं जेवणाचं टेबल असंच एका कोल्हापूरच्या कुटुंबाकडून आलेलं. तेव्हा तिच्या त्या विती बघून मला कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही. शब्द नंतर आले, कळलं आधी.

"कोण जातंय, भाभी?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "या अल्ला," ती हळूच म्हणाली. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मग सगळं तिच्या तोंडून निघालं. जाळं आणलं तेव्हा तिच्या नवऱ्याने काही घ्यायला नकार दिला होता. तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, मग आमची मशीन तुम्ही ठेवा, मार्च संपला की बायको आणि मुलगी जातायत, मी बॅचलर रूममध्ये जाणार. जाळं आणलं तेव्हा. म्हणजे डिसेंबरमध्ये. मी बोटांना भोकं पाडून साड्या शिवत होते त्याच्याही आधी. भाभीने माझा हात धरला. तिचा काही दोष नव्हता, पण मला तिचा हात सोडवून घ्यावासा वाटला आणि मी घेतला.

नवरा दुपारी ड्युटीवरून आला. मी त्याला जेवायला वाढलं नाही. तो हात धुऊन जेवायला बसला, त्याने ताटाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

"कोणी सांगितलं?"

"वॉशिंग मशीनने," मी म्हटलं.

तो बोलायला लागला तेव्हा एका दमात बोलला, जणू कधीपासून तोंडात धरून ठेवलेलं. कंपनीने कुटुंबाचा भत्ता बंद केला होता. ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं. मार्चनंतर ज्यांना कुटुंब ठेवायचं त्यांनी आपल्या खर्चाने ठेवा. त्याने दिराला सांगून चिपळूणच्या शाळेत मुलीची सीट घेऊन ठेवली होती. सासूबाईंनी वरची खोली रंगवून घेतली होती. तिकिटं काढलेली होती.

"सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला. "थंडीचे दिवस तरी नीट जावेत तुझे. सांगितलं असतं तर रोज रडली असतीस."

"अहो, मी नोकरीचं विचारत होते."

"तुझ्या नोकरीने काय झालं असतं? घरभाडं, मुलीची फी, इथला खर्च…"

"शाळा किती देणार होती?"

त्याची नजर मागच्या दाराकडे गेली.

"सांगा ना. किती देणार होते मला? तुम्ही सगळा हिशोब मांडला ना, मग माझा आकडा किती धरलात?"

त्याने धरलाच नव्हता. विचारलंच नव्हतं. रिगिंगच्या कामात पट्ट्याच्या एकेका पदराचा जोर मोजणारा माणूस, त्याने संसार उचलताना एक अख्खा पट्टा मोजायचा राहू दिला, कारण तो बायकोचा होता. हे मी त्याला याच शब्दांत म्हटलं. त्यावर त्याने काय करावं? तो उठला, मागच्या दाराची कडी कधीपासून लागत नव्हती, ती पेचकस घेऊन घट्ट करायला लागला. मी त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण रिकाम्या हातांनी उभं कसं राहायचं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सी करून शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. जागा चार दिवसांपूर्वी भरली होती. केरळच्या एक बाई होत्या, हुशार होत्या, त्यांनी त्याच्या आदल्याच दिवशी नववीचा एक तास घेऊन दाखवला होता. "मी तुमची दोनदा वाट बघितली," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. मी त्यांना सांगितलं नाही की मलाही वाटच बघायला लावलं होतं. काय सांगणार? बाहेर येताना एका वर्गातून मुलांचा एका सुरात उत्तर म्हणण्याचा आवाज आला. मी जिना उतरले.

नवऱ्याशी मी पुढचे दिवस कामापुरतं बोलत राहिले. झोळीत गेले नाही. एका संध्याकाळी त्याने आपणहून चार बोल्ट काढले, पाइप भिंतीशी उभे केले, आणि जाळं गुंडाळून शेजारी देऊन आला. त्यालाही ती डोळ्यांसमोर नको होती बहुतेक. बुंध्यावर टायर घासल्याचा काळा पट्टा तेवढा राहिला. अर्बाबने विचारलं, क्यूं निकाला, आणि मी म्हटलं, खलास. तो मान हलवत निघून गेला.

पाडव्याला बायका पाला न्यायला आल्या. नेहमीसारख्या पिशव्या घेऊन, नव्या साड्या नेसून. कोणी विचारलं नाही, यंदा गुढी उभारणार की नाही. सगळ्यांचे आवाज मऊ झाले होते. एकीने माझ्या मिक्सरकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी त्यांना फांद्या वाकवून दिल्या, हवा तेवढा पाला घ्या म्हटलं. पुढच्या वर्षी तुम्हाला अर्बाबकडे मागावा लागेल, असं मी हसत म्हटलं, तेव्हा त्यातल्या एकीने डोळ्यांना पदर लावला. म्हणजे त्याही कधीपासून जाणून होत्या. नवऱ्यानवऱ्यांमध्ये गोष्ट फिरली होती, नवऱ्यांकडून बायकांकडे आली होती. त्या सगळ्या वर्तुळात मध्यभागी मी एकटी होते, गणिताचं पुस्तक घेऊन.

त्या गेल्यावर आईचा फोन आला. सणाचा.

मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने कसं लपवलं, मी कशी मूर्ख ठरले, शाळेत कशी जाऊन परत आले. मला वाटत होतं निदान एक माणूस असं आहे ज्याच्यासमोर मी पहिल्यापासून सांगू शकते, ज्याला यातलं काही माहीत नाही आणि जे माझ्या बाजूने चिडेल. माझं माणूस. मी भडाभडा बोलत होते, आणि आई नुसती हं हं करत होती. मध्येच मला तो हुंकार विचित्र वाटला. त्यात आश्चर्य नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"



"जावयांनी दिवाळीनंतर फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणाले, तिला कळू देऊ नका. कळलं तर भांडेल."

"आणि तू गप्प बसलीस. दर शुक्रवारी झोळीची चौकशी करत बसलीस."

"खोटं काय बोलले ते? तू भांडलीच असतीस."

"भांडले असते," मी म्हटलं. "आणि जाऊन नोकरी धरली असती, आई. राहिले असते इथे."

"ते ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "म्हणून तर नाही सांगितलं. मला तू इकडे हवी होतीस."